तांबडा दिवा म्हंजे चालू

बसा, बसा असं ऐसपैस. चहा उकळतोय, तवर माझी फजिती ऐकून घ्या. दुसऱ्या कुणाकडनं ऐकण्यापरास माझ्या तोंडनं ऐकलेली बरी. कारण गावातली माणसं तिला रोज नवं शेपूट लावत्यात. परवा तर एकानं तिच्यात हेलिकॉप्टर घातलं! हेलिकॉप्टर नव्हतं हो. बाकी जे जे ऐकलं असंल, ते मात्र खरं हाय.

मी दत्तू. राहणार कऱ्हाटी. मंडप आन स्पीकरचा धंदा. लग्न म्हणा, बारसं म्हणा, यात्रा म्हणा, सोसायटीची निवडणूक म्हणा, माईक आपला. ह्या पंचक्रोशीत माझ्या माईकात बोलला न्हाय असा पुढारी न्हाय. एकदा एक पुढारी भर स्टेजवर शेजारच्या माणसाला आपल्या व्याह्याविषयी काहीतरी सांगाया लागला. समोर पयल्या रांगेत व्याही बसलेला! मी कानाला लागलो, "साहेब, माईक चालू हाय." त्यो माणूस अजून दिवाळीला फराळ धाडतो.

तर माईक म्हंजे काय, हे मला कुणी शिकवू नये. माझ्या मशीनवर एक तांबडा दिवा हाय. तो लागला की माईक चालू, विझला की बंद. लई साधं. एवढी एक गोष्ट कळली की माणूस कुठंबी मार खात न्हाय, असं मी समद्यांना सांगायचो.

आता आमच्या नेटच्या खोलीचं सांगतो, म्हंजे पुढचं समजंल.

ग्रामपंचायतीच्या मागं खताची पोती ठेवायची एक खोली होती. ती झाडून, रंगवून तितं संगणक आले, एक लॅपटॉप आला आन गावाला फुकट इंटरनेट आलं. बाहेर बोर्डावर लांबलचक नाव हाय, पण ते कुणी वाचत न्हाय. आमी आपलं नेटची खोली म्हणतो. खोली सांभाळत्यात नसीमा वहिनी. येशीपाशी इकबालभाईंचं बांगड्याचं दुकान हाय ना, त्यांची मंडळी.

काय बाई हाय हो! तोंडावर स्तुती करत न्हाय, पण पाठीमागं करतो. खोली उघडली तवा एक बी बाईमाणूस तिकडं फिरकंना. "ते शिकलेल्यांचं काम. आमचं बोट लागलं आन मोडलं तर?" असं म्हणायच्या. वहिनींनी काय करावं? त्या नवऱ्याच्या दुकानात जाऊन बसल्या. बाई बांगड्या भरायला आली की तिचा एक हात हातात घेऊन बांगडी चढवायची, आन दुसऱ्या हाताचं बोट धरून हळूच फोनवर टेकवायचं. बाई दचकली की म्हणायच्या, "अगं, बांगडी फुटती, ह्ये फुटत न्हाय. दाब बिनधास्त."

बांगड्या भरता भरता निम्मं गाव शिकलं!

मंग दुपारच्याला खुरपणीवरनं सुटलेल्या बायका नेटच्या खोलीकडं वळाया लागल्या. हापशावर हात धुवायचे, बोट पदराला पुसायचं आन बसायचं. कुणाचा अंगठा खुरप्यानं इतका झिजलेला, की ओळख पटवायचं यंत्र म्हणायचं ही ती बाईच न्हाय. बाईच्या डोळ्याला पाणी यायचं. वहिनी तिचा हात ऊन पाण्यात बुडवून ठेवायच्या, लेकीबाळींची चौकशी करायच्या, परत अंगठा लावायच्या. न्हाय लागला, परत पाणी. पण बाईला तशीच परत धाडली, असं कवा झालं न्हाय.

आमची सुमन, म्हंजे माझी बायको, तिथंच तयार झाली. आन अशी तयार झाली की माझा समदा धंदा तिच्या बोटावर आला. हल्ली मंडपाची ऑर्डर तोंडी कुठं येती? लोक फोटो धाडत्यात, असली कमान पायजे, तसला पडदा पायजे. सुमन आपले फोटो परत धाडती, भाव ठरवती, तारीख देती. मंडप कुठं टाकायचा ते बी फोनवरच्या नकाशात बघती आन मला टेम्पोत बसवून देती.

आन मी? मी खिशाला ह्यो मोठा फोन लावून फिरायचो. वाजला की हिरवं दाबायचं, एवढंच यायचं. पण पारावर मी काय सांगितलं असंल? "सुमनला समदं मीच शिकवलंय!"

हसू नका. तुमी बी घरोघर हेच करता.

तर एक दिवस निरोप आला. बारामती आन इंदापूर, दोन्ही तालुक्यातल्या ज्या खोल्यांचा वापर कमी हाय, त्या बंद करून तितली यंत्रं दुसऱ्या गावांना द्यायची. आन त्यात आमची कऱ्हाटी!

वहिनींचं तोंड उतरलं. म्हणाल्या, "दत्ताभाऊ, वापर कमी दिसणारच. बायका शिकल्या, आता आपापल्या फोनवर समदं करत्यात. खोलीत रोज कशाला येतील? पण कागदावर खोली रिकामी दिसती. आन अजून निम्म्या बायका शिकायच्या राहिल्यात."

म्हंजे बघा, मास्तरनं पोरं पास केली म्हणून शाळेला कुलूप!

सभा बारामतीला ठरली. साहेब मंडळी तितल्या सभागृहात बसणार. खोल्या चालवणाऱ्यांना तिकडंच बोलावलेलं, म्हणून वहिनींना जावं लागणार. आन गावकऱ्यांनी आपापल्या खोलीतनं पडद्यावर बोलायचं. आमच्या गावातर्फे बोलणार होत्या सोनामावशी.

सोनामावशी म्हंजे खुरपणीच्या टोळीतली सगळ्यात वयस्कर बाई. अंगानं काटकुळी, पण वाफ्यात बसली की तरण्या पोरींना मागं टाकती. वहिनींनी तिला समदं शिकवून ठेवलेलं. कुठलं बटण कवा दाबायचं, कुणी नाव घेतलं की काय करायचं. मावशी तयार होती.

पण मी गप बसणार व्हय?

"वहिनी, तुमी काळजीच करू नका," मी म्हणालो. "आवाजाचं काम म्हंजे माझं काम. आपल्या गावाचा आवाज असा पोचवतो, की बारामतीच्या सभागृहाची कौलं हलतील."

"तितं कौलं न्हायत, दत्ताभाऊ," वहिनी म्हणाल्या. "आन आवाज लॅपटॉपातनंच जातो. मावशीला दाखवलंय मी. तुमी फक्त शेजारी बसा."

शेजारी बसा! मला! ज्यानं यात्रा गाजवल्या त्याला!

सभेच्या दिवशी वहिनी सकाळच्या एसटीनं गेल्या. त्या गेल्या तशी मी खोलीत यंत्रं आणली. मोठा बॉक्स आणला, मशीन आणलं, स्टँडचा माईक आणला. भोंगे बी आणले होते, पण सोनामावशी दारात आडवी झाली, म्हणून ते बाहेर राहिले. मंग माईकची वायर मशीनमधनं फिरवून लॅपटॉपला जोडली, लॅपटॉपचा आवाज बॉक्सला जोडला. खोली अशी सजली की आता आत नवरदेव यायचा राहिला होता.

सभा सुरू झाली. पडद्यावर चौकोन चौकोन. एका चौकोनात बारामतीचं सभागृह, मधोमध एक मॅडम, दोन्ही बाजूला साहेब, मागच्या रांगेत आमच्या वहिनी. बाकीच्या चौकोनांत एकेक गाव. आमच्याबी चौकोनात आमी दिसत होतो. मधी मी, कडेला मावशी. माझ्या शेजारी महादू तात्या, माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्याला खोलीशी काय देणं-घेणं नव्हतं, तो चहासाठी आला होता. आन मागं गावातल्या चार बायका.

लॅपटॉपच्या खालच्या बाजूला माईकचं बारकं चित्र होतं. मावशी म्हणाली, "दत्तू, त्याला हात लावू नगस. मी बरोबर लावून ठेवलंय."

"मावशे, तू फक्त बोलायचं बघ," मी म्हणालो आन दाबलं. चित्र तांबडं झालं!

झालं की काम! तांबडा दिवा म्हंजे चालू. त्या चित्रावर एक तिरपी रेघ बी आली होती. मला वाटलं काचेवर चरा पडलाय. रुमालानं पुसून बघितली, निघंना. म्हटलं, असू दे, सरकारी लॅपटॉप हाय.

मॅडमनी नाव घेतलं, "आता कऱ्हाटी. बोला."

मावशी उठून उभी राहिली. पदर सावरला. आन खरं सांगतो, मी आजवर इतक्या सभांना माईक दिला, पण असं भाषण ऐकलं न्हाय.

"नमस्कार, बाई. माझी धाकटी लेक रंजी जन्मापासनं मुकी-बहिरी हाय. तिकडं सांगलीकडं दिलीया. समद्यांच्या लेकी आयांना फोन करायच्या. माझा फोन वाजून काय उपेग? तिला ऐकू येत न्हाय, मला तिचं बोलणं न्हाय. वर्षात एकदा दिवाळीला गाठ पडायची, तवर लेक जगली का मेली ते दुसऱ्याच्या तोंडनं कळायचं. ह्या खोलीत नसीमानं मला फोनवर माणूस दिसतं कसं ते दाखवलं. आता रोज सांजच्याला रंजी समोर येती. आमी दोघी हातानं बोलतो." मावशीनं हात वर केले आन बोलाया लागली. बोट दाताला लावलं, दोन बोटं टुकटुक चालवली. "म्हंजे नातवाला दात आला, तो चालाया लागला. ह्ये मला दुसऱ्या कुणी सांगितलं न्हाय, बाई. माझ्या लेकीनं सांगितलं."

मागच्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या. तात्याचा चहा हातात निवला.

आन बॉक्समधनं साहेबांचा आवाज आला, "कऱ्हाटी, तुम्ही म्यूट आहात."

म्यूट? मी तात्याकडं बघितलं, तात्यानं माझ्याकडं. आमची सुमन नातीला क्यूट म्हणती, मला ठाऊक होतं. म्हटलं, त्यातलाच कौतुकाचा शब्द असंल. मी हात जोडले. "आभारी हाय, साहेब!"

"कऱ्हाटी, म्यूट आहात! आवाज येत नाही!"

आता आली का पंचाईत! मी तांबड्या चित्राकडं बघितलं. लखलखीत तांबडं. म्हटलं, आपलं चालू हाय, दोष त्यांच्या बॉक्सचा.

"मावशे, जरा मोठ्यानं. त्यांची वायर ढिली दिसती."

मावशी म्हणाली, "दत्तू, त्ये तांबडं..."

"तांबडंच पायजे! तू बोल!"

बिचारीनं परत पयल्यापासनं सांगितलं. मोठ्यानं. मंग आणखी मोठ्यानं. शेवटी घसा बसला. तिकडं साहेब कानाला हात लावून नकार देत होते, वहिनी मागच्या रांगेत उभ्या राहून बोटानं काहीतरी दाबून दाखवत होत्या. मला वाटलं, त्या म्हणत्यात बटण दाबून धरा. म्हणून मी माझ्या मशीनचा आवाज वाढवला.

मॅडम म्हणाल्या, "वेळ जातोय. कऱ्हाटीचं नंतर बघू. पळसदेव, तुम्ही बोला."

मावशी खाली बसली. नुसतं आपल्या हातांकडं बघत बसली. त्या वक्ताला मला बी वाटलं, चूक आपलीच तर नसंल? पण मी कबूल करतोय व्हय! म्हणालो, "त्यांच्याकडं सामान चांगलं न्हाय, मावशे. तुझा दोष न्हाय."

आन माईक बंद करावा म्हणून ते चित्र दाबलं. तांबडं गेलं, पांढरं झालं. झालं बंद!

तुमच्या ध्यानात आलं का? माझ्या न्हाय आलं.

पळसदेवचा माणूस धरणाच्या पाण्यापासनं सुरू झाला, मासेमारीवर आला, तरी नेटच्या खोलीकडं वळंना. मी बॉक्सचा आवाज पार बारीक केला, पाय पसरले आन तात्याशी गप्पा मारत बसलो. माईक माझ्या तोंडापुढं तसाच. चांगल्या प्रतीचा माईक हाय तो, कुजबूज बी सोडत न्हाय.

"तात्या, त्यो कडेचा साहेब बघ. डोळं मिटून चिंतन करतोय."

"झोपलाय त्यो."

"झोपला कसला? बिस्किटाची बशी आली की बरोबर उघडतोय. आत्ता बघ... उघडला का न्हाय?"

आमी दोघं टाळ्या देऊन हसलो. पडद्यावर साहेबाचा हात बिस्किटासकट वाटेतच थांबला. मला वाटलं, बिस्कीट मऊ पडलं असंल.

तात्या म्हणाला, "दत्त्या, एक सांग. खोली गेली तर जाऊ दे की. तुला काय फरक पडतोय? तुला तर समदं येतं."

आता मावशीचं तोंड बघून मन हललेलं, त्यात दोस्त जुना. मी म्हणालो, "तात्या, कुणाला बोलू नगस. मला ह्यातलं ओ की ठो कळत न्हाय."

"काय म्हणतोस!"

"देवाशपथ. फोन आला की हिरवं दाबायचं, एवढंच येतं. परवा तांबडं दाबलं तर आमदाराच्या माणसाची ऑर्डर गेली. सुमननं परत फोन लावून सांभाळलं, म्हणाली, मालक मंडपावर चढले होते. कुठला मंडप आन कुठलं काय! मी घरात चहा पीत होतो."

"पर तू तर म्हणतोस, सुमनला मी शिकवलं!"

"मी शिकवलं? अरं, रातच्याला ती मला फोन उघडायचा कसा ते शिकवती, आन सकाळी मी विसरतो. ह्या खोलीतनं ती शिकून आली म्हणून माझा धंदा उभा हाय. नायतर हल्लीच्या काळात मला कोण इचारतंय? लोकं फोटो बघून मंडप ठरवत्यात, तात्या. मला फोटो धाडता येत न्हाय, नकाशा बघता येत न्हाय. खोली बंद झाली तर आणखी कितीतरी घरातल्या सुमना तशाच राहतील. आन ती वहिनी! सख्ख्या भावाला कुणी इतकं शिकवायचं न्हाय, तितकं ती परक्या बायांना शिकवती. पर ह्ये मी गावात बोललो तर माझी काय किंमत राहील?"

"सुमनला तरी बोललास का कवा?"

"तिला? छे! माझ्यापेक्षा हुशार हाय ती, पर तोंडावर सांगितलं तर डोक्यावर बसंल."

तेवढ्यात सोनामावशीचा फोन वाजाया लागला. मी ओरडलो, "मावशे, फोन बंद! सभा चाललीय!" तिनं कापला. मागल्या बाईचा वाजला. "काय शिस्त हाय का न्हाय तुमाला? बंद करा!" मंग दुसरीचा. मंग तात्याचा. मी म्हणालो, "आरं, आज समद्या गावाला आत्ताच आठवण झाली का?"

तात्यानं तरी उचलला. तिकडनं त्याची बायको किंचाळत होती, "अवं, दत्ताभाऊजींना गप करा! समदं ऐकू येतंय!"

"कुणाला?" मी इचारलं.

आन तात्याच्या फोनातनं, थोडा मागनं, माझाच आवाज आला. "कुणाला?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, तसं न्हाय झालं. जमीन तितंच होती. मीच सरकलो, खुर्चीसकट.

झालं होतं असं. ज्यांना खोलीत यायला जमत न्हाय, त्यांनी आपापल्या फोनवर सभा ऐकावी म्हणून वहिनींनी बायकांच्या ग्रुपवर सभेची लिंक टाकलेली. बायका शिकलेल्या! कुणी चुलीपाशी, कुणी बांधावर, कुणी एसटीत, समद्यांनी फोन लावलेले. आन तांबडं म्हंजे बंद होतं हो! पांढरं म्हंजे चालू! मावशीचं सोन्यासारखं भाषण ह्या चार भिंतींनी ऐकलं, आन माझं हे पुराण सभागृहासकट दोन तालुक्यांनी!

मी धडपडत बॉक्सचा आवाज वाढवला. नुसता हशा. पळसदेवचा माणूस मासेमारी विसरून पोट धरून बसलेला. बिस्किटवाला साहेब टक्क जागा. वहिनींनी ओढणी तोंडात धरलेली, डोळ्यांतनं पाणी, आता ते हसण्याचं का रडण्याचं, देव जाणे.

मॅडमनी हात वर केला तसं समदं शांत झालं.

"कऱ्हाटीचे गृहस्थ, तुमचं नाव काय?"

मी म्हणालो, "न्हाय सांगत."

"बरं, राहू द्या. सुमनताईंचे मालक तुम्हीच ना?"

परत हशा! अवं, आजवर सुमनला दत्तूची बायको म्हणायचे. त्या दिवसापासनं मी सुमनचा नवरा झालो, तो आजतागायत.

मॅडम म्हणाल्या, "आज सकाळपासून प्रत्येक गाव सांगतंय की खोली फार उपयोगी आहे. सगळे सारखंच बोलतात, लिहून आणलेलं वाचतात. तुमच्याइतकं खरं कुणी बोललं नाही." मंग त्यांनी मावशीकडं बघितलं. "आजी, मघाशी तुमचा आवाज आला नाही, पण तुमचे हात दिसत होते. काय सांगत होता?"

मावशीनं मला कोपरानं कडेला सारलं. घसा बसलेला. हळूच म्हणाली, "लेक मुकी-बहिरी हाय, बाई. ह्या खोलीमुळं ती माझ्याशी बोलती. मी तिचंच बोलणं तुमाला करून दावत होते."

एवढंच. मॅडमनी पुढ्यातला कागद ओढून काहीतरी लिहिलं. पळसदेववाल्यानं मान खाली घातली.

सांजच्याला वहिनी एसटीतनं उतरल्या त्या खोलीकडंच आल्या. समद्या बायका वाट बघत उभ्या. वहिनी म्हणाल्या, "खोली कुठं जात न्हाय." मंग काय, सोनामावशीनं त्यांना लेकरासारखं कवळ्यात घेतलं. म्हणाली, "पोरी, माझं बोट धरून शिकवलंस, आता त्या मागल्या वाडीच्या बाया घेऊन येती तुझ्याकडं." माईकवाला दत्तू दाराआड उभा राहून ते बघत होता. पुढं यायची छाती नव्हती. वहिनींनीच हाक मारली. "दत्ताभाऊ, या की. रागावले न्हाय मी. आज तुमी जे बोललात ना, ते मला जन्मात बोलता आलं नसतं."

बघा, असं माणूस हाय. मी इतका घोळ घातला, आन ती म्हणती, रागावले न्हाय!

पण घरी जायचं तर होतंच. येशीवरनं गेलो तर इकबालभाई दुकानातनं म्हणाले, "दत्ताभाऊ, सुमनवहिनींना हिरव्या देऊ का तांबड्या?" मी वाट बदलली आन गोठ्यांच्या मागनं, शेणातनं, चिखलातनं घर गाठलं.

सुमननं ताट वाढलं. समोर बसली. मी ताटातनं मान वर केली न्हाय. शेवटी तीच म्हणाली, "तात्यांना जे शेवटी सांगितलंत, ते खरं हाय का?"

"कुठलं?"

"हुशार म्हणून."

"...व्हय."

"मंग आता तोंडावर सांगा. हितं सभा न्हाय, साहेब न्हाय."

मी तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. काय सांगू तुमाला, मोठमोठ्या वरातीत घोषणा केल्यात मी, पण एवढी एक घोषणा जमंना. शेवटी म्हणालो, "आज भाकरी लई मऊ झालीया."

"ती शेजारच्या जनाक्कांनी दिलीया," सुमन म्हणाली. "मी दिवसभर तुमची सभा ऐकत होते."

मंग मात्र हसली. आन हसता हसता तिनं पदर डोळ्याला लावला, तो मी बघितला. काही न बोलता ताटातली भाकरी मोडून निम्मी तिच्यापुढं ठेवली. आमच्यात एवढंच जमतं हो.

दुसऱ्या दिवशीपासनं मी बी नेटच्या खोलीत जाया लागलो. दुपारच्या बायकांच्या वर्गात. तितं बाकावर माझ्या शेजारी सोनामावशी बसती आन मी चुकलो की कोपरानं ढोसती. आता मला फोटो धाडता येतो. एकदा मंडपाऐवजी स्वतःच्या पायाचा धाडला, पण गिऱ्हाईक समजूतदार होतं.

आन ह्या गोष्टीला काही दिवस झाले, मला वाटलं लोकं विसरली. तर एका सकाळी इंदापूर तालुक्यातनं, शेळगावहून फोन आला. फोन अर्थात सुमनला. ती बोलत होती, "व्हय... व्हय... येतील की... न्हाय न्हाय, त्यांना काम नसतंच त्या दिवशी." फोन ठेवला आन म्हणाली, "शेळगावची ऑर्डर हाय."

मी खुलून उठलो. "बघ! दत्तूच्या धंद्याला काय झालंय? केवढा मंडप पायजे?"

"मंडप न्हाय पायजे."

"स्पीकर?"

"स्पीकर त्यांच्याकडं हाय. तितं बायकांसाठी नेटची खोली उघडत्यात. पर बाया यायला लाजत्यात, म्हणून पयल्या दिवशी तुमाला बोलावलंय."

मी मिशीवरनं हात फिरवला. "भाषणाला?"

"न्हाय," सुमन म्हणाली. "त्या म्हणाल्या, भाषण आमीच करू. माणूस शिकला न्हाय तर त्याचं काय होतं, ते दाखवायला तुमी फक्त समोर उभं राहायचं."

आन तिनं मला न इचारता तारीख बी देऊन टाकली होती.